रोजची इंग्रजी वाक्ये मिनांग भाषेत कशी न्यावीत?

पश्चिमवारा (धाग्याचे लेखक)

नमस्कार. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत ज्यांचे हात तयार झाले, अशा काही गवंड्यांना आणि त्यांच्यासोबत काही तरुण अभियंत्यांना घेऊन आमचा एक छोटा गट इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रा प्रांतात जाणार आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झाला आणि पादांग व पारियामानच्या परिसरात घरेच्या घरे पाडणारा भूकंप ३० सप्टेंबर २००९ रोजी संध्याकाळी झाला. तारखेच्या या योगायोगावरूनच दोन्हीकडच्या लोकांची ओळख वाढत गेली. तेथील मिनांगकाबाऊ लोक घरात, बाजारात आणि चहाकॉफीच्या टपरीवर बासो मिनांग, म्हणजे मिनांग भाषा बोलतात, तर शाळा-कचेऱ्यांत इंडोनेशियन वापरतात.

आमच्याकडे रोजच्या वापरातील इंग्रजी वाक्यांची एक यादी आहे : ‘गुड मॉर्निंग’, ‘हाउ आर यू?’, ‘व्हॉट इज युअर नेम?’, ‘प्लीज गिव्ह मी सम वॉटर’, ‘थँक यू’, ‘नो प्रॉब्लेम’, ‘वुई आर गोइंग टु ईट’, ‘हाउ मच इज धिस?’, ‘आय डोन्ट नो’, ‘सी यू टुमॉरो’ आणि अशीच आणखी काही. यांचे इंडोनेशियन भाषांतर सहज मिळाले. इंडोनेशियन शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘आ’चा ‘ओ’ केला की मिनांग तयार होते, असे एकाने सांगितले. हे कितपत खरे आहे आणि देवनागरीत छापता येईल अशी यादी कशी करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बुकित्तिंगीकर

मी अनेक वर्षे बुकित्तिंगी येथे राहत असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. ‘आ’चा ‘ओ’ करण्याचा नियम खरा आहे, परंतु तेवढ्यावर विसंबून वाक्य रचले तर ते धड मिनांग होत नाही आणि इंडोनेशियनही राहत नाही.

इंडोनेशियन ‘आपा’ म्हणजे काय, त्याचे मिनांगमध्ये ‘आपो’ होते. ‘तिगा’ आणि ‘लिमा’ या अंकांचे ‘तिगो’ आणि ‘लिमो’ होतात. तांदळाला तिकडे ‘बेरास’ऐवजी ‘बारेह’ म्हणतात, उष्ण या अर्थाच्या ‘पानास’चे ‘पानेह’ होते, समुद्र म्हणजे ‘लाउत’ त्याचे ‘लाउइक’, डोंगर म्हणजे ‘गुनुंग’ त्याचे ‘गुनुआंग’, आणि सात म्हणजे ‘तुजुह’ त्याचे ‘तुजुआह’. इथपर्यंत सारे शिस्तीत चालते. पुढे ‘एम्पात’ या अंकाचे ‘आम्पेक’ होते, मात्र तसाच शेवट असलेल्या ‘सेलामात’चे ‘सालामाइक’ आणि ‘आदात’चे ‘आदाइक’ होते, तेव्हा नियम पाठ करणाऱ्याची पहिली फसगत होते. त्याहून मोठी अडचण अशी की, अगदी रोजचे शब्दच मुळात वेगळे आहेत. मोठे म्हणजे ‘गादांग’, लहान म्हणजे ‘केतेक’, झोपणे म्हणजे ‘लालोक’, पाहणे म्हणजे ‘चालिआक’, आणि ‘कसे’ विचारायचे असेल तर केवळ ‘बाआ’. यांपैकी एकही शब्द शेवट बदलून हाती लागणार नाही.

काही शब्द तर दिसायला तेच असून अर्थाने निराळे आहेत. इंडोनेशियनमध्ये ‘चापेक’ म्हणजे दमलेला, मिनांगमध्ये ‘चापेक’ म्हणजे लवकर. बांधकामावर मुकादम ‘चापेक, चापेक!’ असे ओरडू लागला तर तो आपल्या थकव्याची चौकशी करीत नसून हात चालवायला सांगत आहे, हे आपल्या गवंड्यांना आधीच सांगून ठेवावे. तसाच ‘गालाक’ हा शब्द : इंडोनेशियनमध्ये तो तापट माणसासाठी वापरतात, मिनांगमध्ये त्याचा अर्थ हसणे असा आहे.

मात्र यादीतील खरी अडचण शब्दांची नाही. तुमच्या प्रत्येक वाक्यात जो ‘यू’ आहे, तो कोण, हे ठरल्याशिवाय त्यांतील बहुतेक वाक्यांचे मिनांग भाषांतर करताच येत नाही. पुरुषाला ‘तू’ म्हणायचे असेल तर ‘वाआंग’ आणि स्त्रीला ‘तू’ म्हणायचे असेल तर ‘काउ’. हे दोन्ही शब्द बरोबरीच्या दोस्तांत किंवा आपल्याहून लहानांशी बोलताना चालतात, आणि अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाला ते उद्देशून म्हटले तर तो अपमान समजला जातो. भाषांतर-यंत्राने ‘यू’च्या जागी यांपैकी एक शब्द टाकून दिला आणि आपल्या माणसाने तो एखाद्या आजोबांसमोर उच्चारला, तर पुढचे बोलणे तेथेच संपेल. मोठ्या माणसाशी बोलताना सर्वनाम वापरतच नाहीत, त्या जागी नाते वापरतात. थोरला भाऊ तो ‘उदा’, थोरली बहीण ती ‘उनी’. हाक मारताना त्यांचे ‘दा’ आणि ‘नी’ होते. धाकट्याला ‘आदिआक’ किंवा नुसते ‘दिआक’. ‘हाउ आर यू?’चे भाषांतर ‘आपो काबा, दा?’ किंवा ‘आपो काबा, नी?’ असेच करावे, आणि तो शेवटचा ‘दा’ किंवा ‘नी’ ऐच्छिक समजू नये.

मालवणी_गडी

‘मी’साठी मिनांगमध्ये ‘आम्बो’ म्हणतात, असे वाचले होते. आमच्याकडे ‘आंबो’ म्हणजे आंबा, त्यामुळे ‘नामो आम्बो’ अशी आपली ओळख करून देताना मला हसू आवरणार नाही. तरी हा शब्द कोठून आला, हे कोणी सांगू शकेल काय?

भाषाविवेक

मालवणी_गडी यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, ‘आम्बो’ हा मलय भाषेतील ‘हाम्बा’ या शब्दाचा भाऊ आहे, आणि ‘हाम्बा’ म्हणजे दास. आपल्या जुन्या पत्रांत लिहिणारा स्वतःला ‘सेवक’ म्हणवून घेत असे, त्याच जातीचे हे विनयाचे सर्वनाम आहे. मित्रांत ‘आदेन’ किंवा त्याचे आखूड रूप ‘देन’ चालते, परंतु ते वडीलधाऱ्यांसमोर उद्धट वाटते. ‘देनाई’ हे रूप गाण्यांत आणि कवितेत अधिक भेटते. ‘आवाक’ हे सर्वांत लवचीक आहे, कारण त्याचा अर्थ प्रसंगाप्रमाणे ‘मी’ही होतो आणि ‘आपण’ही होतो, मिनांग लोक स्वतःला ‘उरांग आवाक’, म्हणजे आपली माणसे, असे म्हणतात. पाहुण्याने ‘आम्बो’ धरून राहावे, त्यात धोका नाही.

बुकित्तिंगीकर यांनी ‘यू’विषयी जे लिहिले, त्याला माझी एक पुरवणी आहे. यादी इंग्रजीत असणे हीच मूळ अडचण आहे, आणि मराठी माणसाने ती अडचण विनाकारण अंगावर घेतली आहे, असे मला वाटते. ‘वुई आर गोइंग टु ईट’ या वाक्यातील ‘वुई’मध्ये समोरचा माणूस धरला आहे की वगळला आहे, हे इंग्रजीवरून कळत नाही. मिनांगमध्ये समोरच्याला धरून ‘कितो’ आणि वगळून ‘कामी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत ‘आपण जेवायला जाऊ’ आणि ‘आम्ही जेवायला जातो’ यांतला फरक लहान मुलालाही समजतो. म्हणजे मूळ वाक्य मराठीत असते तर निम्मे काम झालेलेच होते. इंग्रजीतून गेल्यामुळे आपण आधी तो फरक टाकून देतो आणि मग तो पुन्हा शोधत बसतो.

नात्यांचेही तसेच आहे. इंग्रजीतला ‘अंकल’ आणि ‘नेफ्यू’ मिनांगमध्ये निरुपयोगी आहेत. तो समाज मातृवंशीय असल्यामुळे आईचा भाऊ, म्हणजे ‘मामाक’, हा कुटुंबातील फार महत्त्वाचा पुरुष असतो आणि बहिणीची मुले ही त्याची ‘कामानाकान’ असतात. त्यांच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. मराठीत मामा-काका आणि भाचा-पुतण्या हे भेद पक्के असल्याने ‘मामाक’ आणि ‘कामानाकान’ समजायला आपल्याला एक क्षणही लागत नाही. ‘मामाक’ आणि ‘मामा’ यांचे ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग असला, तरी लक्षात ठेवायला तो उपयोगी आहे.

जुना_खलाशी

मला या चर्चेत थोडा अतिरेक दिसतो. पादांगचे तेलुक बायूर बंदर मी तरुणपणी पाहिले आहे आणि तेथे मोडक्यातोडक्या इंडोनेशियनवर माझे सगळे व्यवहार पार पडले. पश्चिम सुमात्रातील शाळेत गेलेला प्रत्येक माणूस इंडोनेशियन जाणतो. १९२८ च्या ऑक्टोबरमधील तरुणांच्या शपथेने एक देशभाषा ठरवली, तेव्हा ती शपथ सिद्ध करण्यात मुहम्मद यामिन हा मिनांग तरुणच पुढे होता. त्या लोकांनी स्वतः जी भाषा सर्वांसाठी स्वीकारली, ती सोडून पाहुण्याने घरगुती बोलीत शिरण्याचा आग्रह का धरावा? कचेरीत किंवा दवाखान्यात आपल्या गवंड्याने अर्धीमुर्धी मिनांग बोलून गोंधळ वाढवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

बुकित्तिंगीकर

जुना_खलाशी यांचा मुद्दा कचेरी आणि दवाखान्यापुरता मला मान्य आहे. तेथे मिनांग माणसेसुद्धा एकमेकांशी बोलता बोलता इंडोनेशियनवर येतात, आणि पुरुषासाठी ‘पाक’ व बाईसाठी ‘बू’ ही संबोधने पुरेशी असतात. यादीच्या वरच्या बाजूला तसे स्पष्ट लिहावे. परंतु आपले गवंडी कचेरीत फारसे बसणार नाहीत. ते स्थानिक ‘तुकांग’ म्हणजे कारागिरांच्या बरोबरीने विटा लावणार आहेत आणि दुपारी लापाऊवर, म्हणजे कॉफीच्या टपरीवर, टेकणार आहेत. लापाऊवर बसून जी गप्पाष्टके चालतात, त्यांना ‘माओता’ म्हणतात, आणि तो माओता इंडोनेशियनमध्ये कधीच होत नाही. तेथे एक वाक्य मिनांगमध्ये म्हणता आले तर बाकाच्या टोकाला बसलेला पाहुणा बाकाच्या मध्यावर येतो.

यामिन यांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट जोडतो. मिनांग लेखक आणि विचारवंत मोठ्या संख्येने आधी मलयमध्ये व नंतर इंडोनेशियनमध्ये लिहीत आले. हत्ता, शाह्‌रीर, आगुस सालिम हे सगळे याच प्रांतातले. त्यामुळे लिहिण्याची भाषा एक आणि बोलण्याची दुसरी, अशी विभागणी तेथे जुनी आहे. पूर्वी मिनांग मजकूर अरबी वळणाच्या जावी लिपीत लिहीत, आता रोमन लिपीत लिहितात, तरी एकच शब्द दोघे जण दोन प्रकारे लिहिताना दिसतात. ‘नाही’साठी कोणी ‘इंदाक’ लिहितो, कोणी ‘न्दाक’. कागदावरची मिनांग अनेक मिनांग माणसांनाही थोडी परकी वाटते, म्हणून तुमच्या यादीला ‘प्रमाण’ रूप शोधण्यात वेळ घालवू नये. कानावर जे पडते ते लिहावे.

पश्चिमवारा (धाग्याचे लेखक)

सर्वांचे आभार. यादी आता मराठीतून नव्याने लिहायला घेतली आहे. दोन शंका आहेत. पहिली अशी की, ‘प्लीज’साठी कोणता शब्द वापरावा? शब्दकोशात ‘तोलोंग’ सापडला, परंतु त्याचा मूळ अर्थ मदत असा दिसतो. दुसरी शंका ‘नाही’विषयी आहे. एका मिनांग विद्यार्थ्याशी बोलताना तो जवळजवळ प्रत्येक नकारार्थी वाक्याच्या शेवटी ‘दोह’ असे काहीतरी म्हणतो, ते काय आहे?

बुकित्तिंगीकर

‘तोलोंग’ चुकीचा नाही, कोणी खरोखर हातभार लावावा असे वाटते तेव्हा तो योग्यच आहे. पाणी मागताना मात्र ‘मिन्ताक आइआ चिएक, नी’ असे म्हणतात. ‘मिन्ताक’ म्हणजे मागतो, ‘आइआ’ म्हणजे पाणी आणि ‘चिएक’ म्हणजे एक. येथे ‘चिएक’ मोजण्यासाठी आलेला नाही. आपण ‘जरा पाणी देता का?’ म्हणताना जो ‘जरा’ घालतो, त्याचे काम तो करतो. ‘बुलिआह बातान्यो चिएक, दा?’ म्हणजे ‘दादा, जरा विचारू का?’ यातही तोच आहे. थोडक्यात ‘प्लीज’चा अर्थ तीन ठिकाणी वाटला गेला आहे : शेवटचे नाते, मधला ‘चिएक’ आणि आवाजाची पातळी. इंग्रजीतला एक शब्द उचलून त्याच्या जागी मिनांगचा एक शब्द ठेवणारा माणूस येथे हमखास चुकतो.

‘दोह’ हे नकाराचे शेपूट आहे. ‘नो प्रॉब्लेम’साठी ‘न्दाक बाआ दोह’ म्हणावे. ‘मला माहीत नाही’ हे ‘न्दाक ताउ आम्बो दोह’ असे होते. ‘दोह’शिवाय वाक्य व्याकरणाने उभे राहते, पण ते पुस्तकातून वाचून दाखवल्यासारखे लागते. उलट बाजूला ठासून सांगायचे असेल तर ‘माह’ येतो : ‘इयो माह’, म्हणजे ‘हो, तसेच आहे की’. हे ‘की’, ‘ना’, ‘बरं का’ आपल्याकडेही कोणत्याच शब्दकोशातून नीट शिकता येत नाहीत. कोणालाच काही ठाऊक नसेल तर नुसते ‘आन्ताह’ म्हणून खांदे उडवावेत, त्यात आपले ‘कुणास ठाऊक’ पूर्ण उतरते.

एक नकार मात्र पाठच करावा. ‘आलाह माकान?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ हा प्रश्न दिवसातून अनेकदा येईल, कारण तो बऱ्याचदा केवळ विचारपूस म्हणून विचारला जातो. जेवण झाले नसेल तर ‘इंदाक’ म्हणू नये. ‘आलुन’, म्हणजे अजून नाही, असे म्हणावे. लग्न झाले आहे का, या प्रश्नालाही अविवाहिताचे उत्तर ‘आलुन’ हेच असते, आणि तो प्रश्न आपल्या तरुण अभियंत्यांना नक्की विचारला जाणार आहे.

घासफूस

मी शाकाहारी असून याच गटात असण्याची शक्यता आहे. रेन्दांग या मांसाच्या पदार्थाची कीर्ती ऐकून आहे, परंतु ते माझ्या कामाचे नाही. जेवणाच्या वेळी काय म्हणावे?

बुकित्तिंगीकर

‘आम्बो न्दाक माकान दागिआंग दोह, नी’, म्हणजे ‘उनी, मी मांस खात नाही’, एवढे वाक्य तोंडात बसवावे, आणि त्याला ‘सायुआ से’, म्हणजे ‘फक्त भाज्या’, हे जोडावे. तरीही फणसाच्या ‘गुलाई चुबादाक’मध्ये काय काय पडले आहे, ते वाढणाऱ्या बाईंना विचारून घ्यावे, कारण भाजी म्हटले तरी तिच्यात मासळी किंवा मांसाचा तुकडा असू शकतो. तिखट कमी हवे असेल तर ‘जान पादेह बाना’ असे सांगावे.

‘कॅन आय हॅव द मेन्यू?’ हे वाक्य यादीतून काढून टाकावे. पादांग पद्धतीच्या खानावळीत पुष्कळदा पदार्थांच्या बशा मेजावर मांडूनच ठेवतात आणि जे खाल्ले त्याचेच पैसे घेतात. त्याऐवजी ‘ताम्बुआह चिएक, दा!’ हे वाक्य घालावे. आणखी भात हवा असेल तर सारे लोक हेच म्हणतात. बांधून हवे असेल तर ‘बुंगकुइह चिएक’. जेवण आवडले तर ‘लामाक बाना’, म्हणजे फार चविष्ट. किंमत विचारायला ‘बारा?’ हा एकच शब्द पुरतो, तो ऐकून आपल्या माणसाने दुकानदाराला बारा रुपये सांगितल्याचे समजू नये.

भाषाविवेक

यादीची मांडणी करण्यापूर्वी ‘कातो नान आम्पेक’ या संकल्पनेकडे धागालेखकांनी पाहावे, असे सुचवतो. याचा अर्थ चार प्रकारचे बोलणे. आपल्याहून मोठ्यांशी बोलायचे ते ‘कातो मान्दाकी’, म्हणजे चढणीचे बोलणे. लहानांशी बोलायचे ते ‘कातो मानुरुन’, म्हणजे उतरणीचे. बरोबरीच्यांशी ‘कातो मान्दाता’, म्हणजे सपाटीचे. आणि चौथे ‘कातो मालेरेआंग’, म्हणजे तिरक्या उताराचे, जे जावई, व्याही, मेहुणे अशा नात्यांतून आलेल्या माणसांशी आणि मान राखावा लागतो अशांशी बोलतात. त्यात सरळ काही सांगत नाहीत, म्हणी, उपमा आणि सूचना यांतून सांगतात. डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या लोकांनी बोलण्याचे वर्गीकरणही चढ-उतारावरून केले, हे मला फार आवडते. तिरक्या बोलण्याची कल्पना आपल्याला अपरिचित नाही; ‘लेकी बोले सुने लागे’ हा त्याचाच एक प्रकार आहे, फक्त आपल्याकडे त्यात टोमणा असतो आणि तिकडे अदब असते.

पाहुण्यांना चौथा प्रकार साधणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. यादीत पहिल्या तिघांसाठी तीन रकाने करावेत, म्हणजे एकाच मराठी वाक्याची तीन मिनांग रूपे शेजारी शेजारी दिसतील.

आणखी एक सुचवतो. पाहुण्याला शब्द लक्षात राहण्यासाठी संस्कृतची वाट चांगली आहे. चौदाव्या शतकात आदित्यवर्मन या राजाने तानाह दातार भागात संस्कृत शिलालेख कोरवले. पागारुयुंगचा शिलालेख १३५६ चा आहे. संस्कृत शब्द मलय भाषांत त्याच्याही आधीपासून येत होते. त्यामुळे ‘नामो’ म्हणजे नाव, ‘मुको’ म्हणजे मुख, ‘कापालो’ म्हणजे डोके, ‘दोसो’ म्हणजे पाप, ‘पुआसो’ म्हणजे उपवास, हे शब्द आपल्याला शिकवावे लागत नाहीत. वर जो ‘कातो’ आला, तो आपल्या ‘कथा’चाच वंशज. सावधगिरी एवढीच की, ‘चिंतो’ हा ‘चिंता’ या शब्दातून गेलेला असून तिकडे त्याचा अर्थ प्रेम असा आहे. ‘रासो जो पारेसो’ हे शब्दयुग्म तेथे वारंवार ऐकू येते. त्यातला ‘पारेसो’ म्हणजे आपली ‘परीक्षा’; भावना आणि विवेक या दोहोंनी तोलून बोलावे, असा त्याचा आशय आहे. आणि त्यांची एक प्रसिद्ध उक्ती तर गवंड्यांनाही पाठ करायला द्यावी : ‘नान कुरिआक इयोलाह कुंदी, नान मेराह इयोलाह सागो, नान बाइआक इयोलाह बुदी, नान इंदाह इयोलाह बासो.’ कुंदी आणि सागो ही गुंजांच्या जातीच्या बियांची नावे. ठिपक्यांची ती कुंदी, लाल तो सागो, चांगला तो स्वभाव, सुंदर ते बोलणे. ‘बासो’ म्हणजे भाषाही आणि बोलण्यातली रीतही, त्यामुळे ‘बासो मिनांग’ शिकणारा दोन्ही शिकतो.

मालवणी_गडी

इतका खटाटोप करण्यापेक्षा भाषांतर-यंत्राला विचारले तर? आता मिनांगही त्यात आहे, असे ऐकतो.

भाषाविवेक

आहे. मेटा कंपनीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोनशे भाषांच्या प्रतिमानात मिनांगकाबाऊ रोमन लिपीत आहे. बातमीतील एखाद्या परिच्छेदासाठी त्याचा उपयोग होतो. आपल्या यादीसाठी ते कमी पडते, कारण यंत्राला मिनांगचा जो लिखित मजकूर मिळतो, त्यात माहितीपर लेखनाचा भरणा मोठा आहे. मिनांग विकिपीडियावरील लेखांपैकी फार मोठा भाग तर संगणकाने आपोआप तयार केलेला आहे. लापाऊवरचे बोलणे कोणी लिहून ठेवीत नाही. शिवाय समोर कोण आहे, हे यंत्राला सांगितलेले नसते. इंडोनेशियनमधल्या शब्दांचे शेवट बदलून दिल्यासारखी वाक्ये त्यातून अनेकदा येतात, आणि त्यात ‘दोह’, ‘माह’, ‘चिएक’ क्वचितच दिसतात. २०१० च्या जनगणनेत सुमारे ६५ लाख लोकांनी स्वतःला मिनांगकाबाऊ म्हणवले होते. एवढ्या माणसांच्या तोंडी असलेली भाषा कागदावर किती थोडी उतरली आहे, हे यंत्राच्या या वाक्यांवरून कळते.

जुना_खलाशी

वाचता वाचता माझे मत थोडे बदलले, हे नमूद करतो. माझा आणखी एक प्रश्न आहे. ‘गुड मॉर्निंग’, ‘गुड बाय’ आणि ‘ओ माय गॉड’ यांचे काय केले?

बुकित्तिंगीकर

‘सालामाइक पागी’ असे भाषांतर होते आणि ते सभेत किंवा शाळेत शोभते. रस्त्यात भेटल्यावर ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणतात, किंवा सरळ ‘का कामा, दा?’, म्हणजे ‘कुठे निघालात?’ असे विचारतात. ही चौकशी नसते, आपल्या गावांतही ‘काय, कुणीकडे?’ असे विचारतात तशीच ती असते. ‘का पासा’, म्हणजे बाजारात, एवढे उत्तर पुरते. ‘कुठले तुम्ही?’ हा प्रश्न ‘उरांग मा?’ असा दोनच शब्दांत येतो. मिनांग माणसे आपसांत त्यापाठोपाठ कूळही विचारतात.

निरोप घेताना ‘पाई दुलु यो’, म्हणजे ‘मी पुढे निघतो हं’, असे म्हणावे, आणि जाणाऱ्याला ‘एलोक-एलोक दी जालान’, म्हणजे ‘वाटेत सांभाळून’, असे सांगावे. ‘सी यू टुमॉरो’साठी ‘बिसुआक बासुओ लिआक’. ‘आय मिस यू’ हे वाक्य यादीत असेल तर ‘तारागाक’ हा शब्द शिकून घ्यावा; माणसाची, घराची आणि खाण्याचीही ओढ त्याच एका शब्दाने सांगतात, आणि पोटापाण्यासाठी घर सोडून दूर जाण्याची, म्हणजे ‘मारान्ताउ’ची, परंपरा असलेल्या या लोकांच्या गाण्यांत तो जागोजागी येतो. ‘ओ माय गॉड’ला ‘ओंदे मान्देह!’ हे चपखल बसते. ‘मान्देह’ म्हणजे आई, तेव्हा हे आपले ‘आई गं!’च आहे, आणि बोटावर हातोडी बसली असताना ते कोणाला शिकवावे लागत नाही.

पश्चिमवारा (धाग्याचे लेखक)

यादी जवळजवळ तयार झाली आहे. मराठी वाक्य डावीकडे, आणि पुढे मोठ्यांसाठी, बरोबरीच्यांसाठी व लहानांसाठी असे तीन रकाने केले आहेत. ‘वाआंग’ आणि ‘काउ’ फक्त शेवटच्या रकान्यात, तेही लाल शाईत, ठेवले आहेत. ‘तारिमो कासिह’ आणि त्याचे उत्तर ‘सामो-सामो’ ही दोन वाक्ये तिन्ही रकान्यांत तशीच आहेत, फक्त हाक बदलते. काम पारियामानच्या बाजूला असेल, असे आता कळते. तेथे काही वेगळे आहे काय? आणि ‘व्हॉट इज युअर नेम?’ अजून रिकामे आहे.

बुकित्तिंगीकर

पारियामानमध्ये थोरल्या भावाला ‘उदा’ऐवजी ‘आजो’ म्हणतात. आपल्या कानाला तो आजोबांसारखा लागेल, पण तिशीच्या माणसालाही ‘आजो’ म्हणावे. हा शब्द ऐकला की समोरचा पारियामानचा आहे, हे पादांगच्या माणसालाही लगेच कळते.

नाव विचारण्याचे वाक्य मी जाणूनबुजून मागे ठेवले होते. ‘सिया नामो?’ हे लहान मुलांना खुशाल विचारावे. प्रौढ पुरुषाच्या बाबतीत मात्र ‘केतेक बानामो, गादांग बागाला’ अशी म्हण आहे : लहानपणी नाव, मोठेपणी उपाधी. लग्नानंतर पुरुषाला ‘गाला’, म्हणजे मानाचे नाव मिळते आणि सासरच्या माणसांनी त्याला त्या नावानेच हाक मारायची असते. पारियामानमध्ये सिदी, बागिंदो आणि सुतान या उपाधी तर वडिलांकडून मुलाकडे येतात. कामावरच्या मिस्त्रीचे नाव हजेरीसाठी हवे असेल तर ते यजमानांकडून लिहून घ्यावे आणि त्याला ‘आजो’ म्हणूनच हाक मारावी. आपली ओळख देताना ‘नामो आम्बो’ म्हणून पुढे स्वतःचे नाव सांगितले की समोरचा आपण होऊन स्वतःचे सांगतो. मोठ्यांच्या रकान्यात त्या ओळीवर हेच छापावे.

छपाईपूर्वी उच्चारांचे एक टिपण वर घालावे. ‘चिएक’, ‘इंदाक’, ‘आदिआक’ यांच्या शेवटचा ‘क’ मराठीसारखा फोडून म्हणायचा नसतो, तो घशातच अडवायचा असतो. देवनागरीत त्यासाठी वेगळी खूण नाही, म्हणून त्या ‘क’खाली एक बारीक रेघ ओढावी आणि गटातील प्रत्येकाकडून ‘न्दाक बाआ दोह’ मोठ्याने म्हणवून घ्यावे. त्यात ‘बा’ आणि ‘आ’ यांच्यामध्येही तोच घशातला थांबा आहे.